तेऊदा इ मांतेऊदा : पोर्तुगीजांनी 'ठेवलेल्या' बाईची गोष्ट

लहानपणी घरात मोठी माणसं आवाज खाली आणून बोलायला लागली की आमचे कान आपोआप टवकारायचे, आणि त्यातलं एक वाक्य मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं, "त्याने बाई ठेवलीय." कुठे ठेवलीय? माळ्यावर? कपाटात? विचारायची सोय नव्हती, विचारलं असतं तर पाठीत धपाटा. मग हळूहळू कळलं की डबा ठेवणे, छत्री ठेवणे या आपल्या साध्या गरीब क्रियापदाला हा एक भलताच अर्थ चिकटलाय, आणि त्याच्या शेजारी राख, रखेल, नाटकशाळा, अंगवस्त्र असे एकेक नमुने बसलेत. त्यातलं अंगवस्त्र तर कहर आहे, खांद्यावर टाकायचं उपरणं, हवं तेव्हा मिरवा, नको तेव्हा खुंटीला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पोर्तुगीज भाषेतला एक जुनाट शब्दप्रयोग. तेऊदा इ मांतेऊदा. उच्चारताना जोर दोन्हीकडे 'ऊ' वर द्यायचा. अर्थ काय, तर शब्दाला शब्द लावला तर "ठेवलेली आणि पोसलेली". म्हणजे एखाद्या पुरुषाने लग्नाबाहेर कायमची ठेवलेली बाई, जिचं भाडं, किराणा, कपडालत्ता सगळं तोच बघतो. आज पोर्तुगालमध्ये किंवा ब्राझीलमध्ये हे कोणी गंभीर चेहऱ्याने म्हणत नाही, म्हटलं तर थट्टेत, ओठ मुडपून, आपण "अमक्याचं अंगवस्त्र" म्हणतो तसंच. पण एकेकाळी हे शब्द गॉसिपचे नव्हतेच मुळी, कायद्याचे होते. आणि कायद्यात ते कशासाठी होते हे कळलं ना की या शब्दांकडे बघायची नजरच बदलते, पण ते जरा पुढे सांगतो, आधी शब्द उलगडू.

तेर म्हणजे जवळ असणे, बाळगणे, ठेवणे. पोर्तुगीजमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं एक क्रियापद, मला भूक आहे, मला दोन मुलं आहेत, सगळीकडे तेर. मूळ लॅटिन तेनेरे, धरणे. आता त्यातला 'न' कुठे गेला? तर पोर्तुगीजची ही सवयच आहे, दोन स्वरांच्या मधे सापडलेला लॅटिनचा 'न' ती बऱ्याचदा गिळून टाकते. लॅटिनमध्ये चंद्र म्हणजे लुना, स्पॅनिशमध्येही लुना, इटालियनमध्येही लुना (आपल्याकडे तर लुना म्हणजे पेडल मारून चालू करायची गाडी), पण पोर्तुगीजमध्ये लुआ. मुकुट म्हणजे कोरोना, पोर्तुगीजमध्ये कोरोआ. व्यक्ती म्हणजे पेरसोना, तिकडे पेसोआ. तसंच तेनेरेचं आधी तेएर आणि मग आखडून तेर.

मांतेर हे त्याच तेरला हात जोडून बनलंय, आणि हात म्हणजे अक्षरशः हात. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात, मानू तेनेरे म्हणजे हाताने धरून ठेवणे, त्यावरून आधार देणे, सांभाळणे, पोसणे. हाच शब्द फ्रेंचमधून फिरत फिरत इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्या तोंडी बसला, मेंटेनन्स! सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्यावरून दर महिन्याला भांडणं होतात तो मेंटेनन्स आणि फॅमिली कोर्टात "तिने मेंटेनन्सची केस टाकलीय" म्हणतात तो पोटगीवाला मेंटेनन्स, दोघंही या मांतेऊदाचे सख्खे चुलत भाऊ. म्हणजे मांतेऊदा म्हणजे जिचा मेंटेनन्स कोणीतरी भरतंय ती. इतकं सरळ आहे ते.

आता यात एक गंमत आहे ती व्याकरणाची, आणि व्याकरण म्हटलं की लोक पान उलटतात पण थांबा, ही सोपी आहे. तेरचं भूतकाळी विशेषण, म्हणजे आपलं ठेवलेला-ठेवलेली सारखं रूप, आजच्या पोर्तुगीजमध्ये तिदो, स्त्रीलिंगी तिदा. मांतेरचं मांतिदा. मग शब्दप्रयोग 'तिदा इ मांतिदा' का नाही? कारण जुन्या, मध्ययुगीन पोर्तुगीजमध्ये या गटातल्या क्रियापदांना शेवटी -ऊदो, -ऊदा लागायचं. हरवलेलं म्हणजे पेरदूदो, जिंकलेलं म्हणजे वेंसूदो, माहीत असलेलं म्हणजे साबूदो. फ्रेंच आणि इटालियनने ही जुनी सवय सोडली नाही, फ्रेंचमध्ये आजही तेन्यू, इटालियनमध्ये तेनूतो. पोर्तुगीजने मात्र साधारण पंधराव्या शतकाच्या आसपास हा प्रत्यय टाकून दिला आणि सगळीकडे -इदो लावायला सुरुवात केली, पेरदूदोचं पेरदिदो झालं, साबूदोचं साबिदो झालं, रोजच्या बोलण्यातून तेऊदो हद्दपार झालं.

पण कायद्याच्या कागदातून नाही झालं. कायदा हा प्रकारच असा आहे की त्यात एकदा शिरलेला शब्द बाहेर पडता पडत नाही, आपल्याकडे नाही का, घरात कोणी "सदरहू चहा मला द्या" म्हणत नाही पण अर्ज लिहायला बसलं की सदरहू, मजकूर, मौजे, सगळी मंडळी हजर. जुन्या मराठी सनदा बघा, जमीन इनाम देताना नुसतं जमीन दिली म्हणत नाहीत, "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपसहित" देतात. कशाला एवढं? कारण एक शब्द टाकला तर पळवाट राहते, दोन-चार ठोकले की भोक बुजतं, आणि वर कानाला एक वजनदार ताल मिळतो, वाचून दाखवलं की ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी पक्कं झालं. तेऊदा इ मांतेऊदा हे त्याच जातीचं. नुसती तेऊदा म्हणजे संबंध आहे, कायमचा आहे. मांतेऊदा म्हणजे खर्चही उचललाय. दोन्ही सिद्ध झालं तर भानगड कायद्याच्या कक्षेत.

जुन्या कायद्यात या बाईला बार्रेगां म्हणायचे, शेजारच्या स्पॅनिशमध्ये बार्रागाना. तेराव्या शतकात कॅस्टिलचा (आजच्या स्पेनमधलं एक जुनं राज्य) राजा दहावा अल्फोन्सो याने सात भागांचा एक प्रचंड कायदेग्रंथ तयार करवून घेतला, तो पोर्तुगीजमध्येही भाषांतरित झाला आणि तिकडे वापरलाही गेला. त्यात या शब्दाची फोड दिलीय ती अशी की 'बार्रा' म्हणजे अरबीत बाहेर, आणि 'गाना' म्हणजे कमाई, म्हणून बार्रागाना म्हणजे चर्चच्या आज्ञेबाहेरची कमाई. ही फोड ओढूनताणून केलेली आहे, पण मराठी माणसाला ती वाचून हसू येतंच, कारण आपणही "त्याचं बाहेर आहे" असंच म्हणतो. बाकी त्या काळी बिनलग्नाच्या पुरुषाने अशी एक बाई बाळगणं हे फारसं धक्कादायक नव्हतं, कायदा तिचे नियम ठरवत होता, म्हणजे एक प्रकारे मान्यताच. भानगड लग्न झालेल्यांची आणि पाद्र्यांची.

पोर्तुगालच्या राजांनी मग देशभराचे कायदे एकत्र करून संहिता काढल्या, १४४६ च्या सुमाराला आफोन्सो राजाच्या नावाची, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मानुएल राजाच्या नावाची आणि १६०३ मध्ये फिलिप राजाच्या नावाची. फिलिपच्या संहितेतलं पाचवं पुस्तक गुन्ह्यांचं आहे आणि त्यात बार्रेगां ठेवणाऱ्या विवाहित पुरुषांवर एक वेगळं प्रकरण, पाद्र्यांच्या बार्रेगांवर आणखी एक वेगळं. विवाहित पुरुषाने तेऊदा इ मांतेऊदा बाई ठेवली तर आफ्रिकेत हद्दपारी आणि वर दंड. पाद्र्यांच्या प्रकरणात शिक्षा बाईला, कारण पाद्री राजाच्या कोर्टात येतच नाही, तो चर्चच्या अखत्यारीत. दोघांचा गुन्हा एक आणि सापडली एक, जी राजाच्या हाताशी होती ती.

इथपर्यंत वाटेल की चला, निदान विवाहित पुरुषाला शिक्षा तरी होती. आता ब्राझीलला जाऊ, कारण या शब्दजोडीचं खरं रूप तिकडे दिसतं. ब्राझील १८२२ मध्ये पोर्तुगालपासून वेगळं झालं आणि १६ डिसेंबर १८३० ला स्वतःची फौजदारी संहिता केली. त्यात कलम २५० आणि २५१ शेजारी शेजारी बसलेत. २५० म्हणतं, विवाहित बाईने व्यभिचार केला तर एक ते तीन वर्षं सश्रम कैद, आणि तिच्यासोबत जो सापडेल त्यालाही तीच. २५१ म्हणतं, विवाहित पुरुषाला हीच शिक्षा होईल, जर त्याची तेऊदा इ मांतेऊदा रखेल असेल.

तो 'जर' बघा. बाईसाठी एक वेळ पुरे. नवऱ्याने मात्र कितीही उद्योग केले, आज इथे उद्या तिथे, तरी ती समोरची बाई दुसऱ्याची बायको नसेल तर काही गुन्हाच नाही. गुन्हा तेव्हाच जेव्हा बायकोला सिद्ध करता येईल की त्याने तिला कायमची ठेवलीय आणि तिचा खर्च चालवतोय. म्हणजे तेऊदा इ मांतेऊदा हे त्या 'दुसरी'चं वर्णन वाटतं खरं, पण काम करत होतं नवऱ्याचं! ती एक रेघ होती, या रेघेच्या अलीकडे तू काहीही कर, फक्त बिऱ्हाड थाटू नकोस. आणि रेघ कशावर ओढली होती तर पैशावर. प्रेम किती, फसवणूक किती, घरात बसलेल्या बायकोला काय वाटलं, याचा हिशेब नाही, घरभाडं कोण भरतंय याचा आहे. मला वाटतं यामागे विचार साधा होता, मालमत्ता बाहेर चाललीय का. रात्री कुठे जातो याच्याशी कोणाला घेणंदेणं नव्हतं, तिजोरी कुठे जाते याच्याशी होतं.

आता यातला विनोद असा की या १८३० च्या संहितेवर सही केली ब्राझीलचा सम्राट पहिला पेद्रो याने. पेद्रो कोण? तर ज्याचं दोमितिला दे कास्त्रो या बाईशी असलेलं प्रकरण अख्ख्या साम्राज्याला पाठ होतं. त्याने तिला १८२५ मध्ये स्वतःच्या बायकोची, सम्राज्ञी लेओपोल्दिनाची मानकरीण नेमलं (बायकोच्या सेवेत! काय डोकं म्हणायचं), दुसऱ्या वर्षी सांतोसची मार्केझा ही पदवी दिली, त्यांच्या मुलीला उघडपणे आपली म्हणून डचेस केलं, आणि रिओमध्ये राजवाड्याच्या जवळ तिच्यासाठी घर सजवलं, ते घर आजही उभं आहे. ठेवलेली? हो. पोसलेली? पुराव्यासकट. १८२६ च्या डिसेंबरमध्ये लेओपोल्दिना गेली, युरोपातल्या राजघराण्यांत पेद्रोची इतकी नाचक्की झाली होती की दुसरी बायको मिळायला नाकी नऊ आले, शेवटी १८२९ मध्ये दोमितिलाला दूर केलं तेव्हा नवं लग्न झालं. आणि वर्षभराने या साहेबांनी कलम २५१ वर सही केली. अर्थात त्यांना काही भीती नव्हतीच, १८२४ च्या राज्यघटनेत सम्राटाची व्यक्ती पवित्र आणि कुठल्याही जबाबदारीपासून मुक्त असं लिहूनच ठेवलं होतं.

ब्राझीलच्या १८९० च्या नव्या संहितेतही हे शब्द तसेच राहिले, फक्त आता त्या रखेलीलाही शिक्षा जोडली. १९४० च्या संहितेत ते गेले, आणि व्यभिचार हा गुन्हाच २००५ मध्ये रद्द झाला.

पोर्तुगालने तर आणखी एक पाऊल पुढे टाकलं. तिथल्या १८५२ च्या संहितेत नवरा दोषी ठरायला बाई तेऊदा इ मांतेऊदा असून भागत नाही, ती नवरा-बायकोच्या राहत्या घरात ठेवलेली पाहिजे. चार गल्ल्या सोडून वेगळं घर करून दिलं की सुटला. आणि तरीही पकडला गेलाच तर शिक्षा काय, दंड. बायकोला मात्र हद्दपारी.

आणि मग ते कलम ३७२. हे वाचताना मी दोनदा मागे जाऊन वाचलं. १८८६ च्या पोर्तुगीज दंडसंहितेत होतं की नवऱ्याने बायकोला परपुरुषासोबत रंगेहाथ पकडलं आणि तिथेच तिला किंवा त्याला किंवा दोघांना मारून टाकलं, तर शिक्षा सहा महिने त्या तालुक्याबाहेर राहायचं. बस. खुनाला सहा महिने परगावी. बरं, बायकोने नवऱ्याला असं पकडून मारलं तर तिलाही हीच सवलत होती का? होती, पण ती दुसरी बाई नवऱ्याने राहत्या घरात ठेवलेली तेऊदा इ मांतेऊदा असेल तरच. म्हणजे बायकोला राग अनावर व्हायचा असेल तर आधी घरभाड्याची पावती बघायची आणि मग अनावर व्हायचं. हे कलम रद्द झालं १९७५ मध्ये, हुकूमशाही गेल्यावर वर्षभराने. माझ्या आईवडिलांच्या पिढीच्या हयातीतली गोष्ट आहे ही, सोळाव्या शतकातली नाही.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध कुठे येतो म्हणाल तर गोव्यात. पोर्तुगालने १८६७ मध्ये दिवाणी संहिता केली आणि ती १ जुलै १८७० पासून समुद्रापलीकडच्या प्रांतांनाही लागू झाली, त्यात गोवा, दमण, दीव आले. गोव्याचा समान नागरी कायदा म्हणून आपल्याकडे टीव्हीवर ज्याची चर्चा होते त्याचं मूळ तेच (हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये वेगळे नियम काढले ते आणखी वेगळं प्रकरण आहे, त्यात शिरत नाही). तर त्या संहितेच्या कलम १२०४ मध्ये नवरा-बायकोने कायद्याने वेगळं राहायची कारणं दिली होती. बायकोचा व्यभिचार, हे एक कारण, पुढे काही अट नाही. नवऱ्याचा व्यभिचार मात्र तेव्हाच कारण जेव्हा उघड बोभाटा झाला असेल, किंवा बायकोला पार वाऱ्यावर सोडलं असेल, किंवा राहत्या घरात तेऊदा इ मांतेऊदा रखेल असेल. पुन्हा तीच रेघ, मांडवीच्या काठावर. पुढे १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आलं आणि महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, त्यांनी घटस्फोटाचा कायदा केला, त्यात बायकोचा व्यभिचार आणि नवऱ्याचा व्यभिचार दोन्ही एका तराजूत, अटीबिटी काही नाहीत. तो कायदा गोव्यातही आला. म्हणजे निदान घटस्फोटाच्या बाबतीत आपल्या पणजीकरांची या शब्दांपासून सुटका कलम ३७२ रद्द होण्याच्या कितीतरी आधी झाली.

पोर्तुगीजांना नावं ठेवून झाल्यावर जरा आपल्याही अंगणात बघावं लागतं. २०१० मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने, लग्नासारखं नातं कशाला म्हणायचं हे ठरवताना, निकालात लिहिलं की पुरुषाने एखादी 'कीप' बाळगली असेल, तिला पैशाने सांभाळत असेल आणि मुख्यतः शरीरसंबंधासाठी किंवा मोलकरीण म्हणून वापरत असेल तर ते लग्नासारखं नातं नाही. कीप, म्हणजे तेऊदा. पैशाने सांभाळणे, म्हणजे मांतेऊदा. लिस्बनचं कोणी त्या खोलीत नव्हतं तरी जोडी तीच जमली. फरक एवढाच की तिकडे ही जोडी सिद्ध झाली तर नवरा अडकायचा, इकडे सिद्ध झाली तर बाईला घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं संरक्षण मिळणार नव्हतं. त्या वेळच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी कोर्टातच त्या कीप शब्दावर आक्षेप घेतला होता.

शब्द सगळीकडे सारखेच का जमतात हा प्रश्न मला जास्त पडतो. इटालियनमध्ये मांतेनूता, स्पॅनिशमध्ये मांतेनिदा, हिंदीत रखैल, मराठीत ठेवलेली. सगळी क्रियापदं धरणे-राखणे-पोसणे वाली, आणि सगळी रूपं अशी की करणारा दुसराच कोणीतरी आहे, हिच्यावर फक्त झालंय. ती स्वतः काय करते याला शब्द नाही. आणि ज्याने ठेवली त्यालाही शब्द नाही फारसा, बघा ना, मराठीत ठेवलेलीला चार-पाच नावं आणि ठेवणाऱ्याला? नाव-आडनावासकट 'शेट'.

हल्ली पोर्तुगीजमध्ये ही शब्दजोडी भलत्याच लोकांवरही वापरली जाते. सरकारी जाहिरातींवर जगणारं वर्तमानपत्र, कंत्राटदाराच्या पैशावर जगणारा पुढारी, सासऱ्याच्या जिवावर मजा मारणारा जावई, यांना पुल्लिंगात तेऊदो इ मांतेऊदो म्हणून टोमणा मारतात. मला हा वापर आवडला, निदान ज्यांना लागायला पाहिजे त्यांना लागतो.

आणि तो -ऊदो प्रत्यय? पंधराव्या शतकात मेला म्हणालो ना, तर या दोन शब्दांसोबत त्यांचा एक तिसरा भाऊ वाचला होता. तेरवरूनच बनलेलं कोंतेर, सामावून घेणे. त्याचं रूप आज कोंतिदो होतं, पण जुनं रूप नाम बनून टिकलं, कोंतेऊदो, म्हणजे आत जे सामावलंय ते, कंटेंट. त्यामुळे साओ पाउलोत फोनसमोर रिंगलाइट लावून नाचणारी पोरं स्वतःची ओळख करून देतात ती 'क्रियादोर दे कोंतेऊदो' म्हणून, आणि त्यांचा खर्च कोण चालवतंय हे विचारलं की "अजून बाबाच" म्हणतात.